लाकडी फुलदाणी (लेथवर कातलेली)

लाकडाचा ठोकळा लेथवर गरगर फिरवत पटाशीने कातून केलेली शोभेची फुलदाणी. बाहेरचा आकार सरावाने जमतो हो, कारागिराची खरी कसोटी लागते ती आतून पोकळ करताना.

लाकूड सागवान, शिसवी, आंबा, बाभूळ असं कुठलंही चालतं. मुंबईत रे रोडच्या वखारींमध्ये माल मिळतो, शिवाय जुन्या चाळी आणि वाडे पाडले की बर्मा टीकचे (म्यानमारच्या सागाचे) वासे निघतात, आणि माझ्या मते फुलदाणीसाठी यापेक्षा चांगलं लाकूड नाही, कारण ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त आत मोडलेले खिळे असतात, ते मेटल डिटेक्टर फिरवून आधी काढायचे, नाहीतर पटाशीची धार गेलीच म्हणून समजा, आणि खिळा उडून तोंडावर येऊ शकतो ते वेगळंच. सागात सिलिका असते त्यामुळे धार तशीही लवकर बोथट होते, सारखं सहाणेवर जावं लागतं.

ओलं लाकूड असेल तर आधी जाडसर कातून ठेवतात, फुलदाणीच्या भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण 10 टक्के, मग काही महिने सावलीत वाळवून परत लेथवर चढवतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की वाळण्याचं काम रखडतं, म्हणून घाई केली की तडा. झाडाचा गाभा ठोकळ्यात राहिला तर तडा जवळपास ठरलेलाच.

पोकळ करताना ठोकळा चकमध्ये (लेथच्या पकडीत) घट्ट धरून मधोमध बरम्याने भोक पाडतात, मग लांब दांड्याच्या हत्याराने आतून थोडं थोडं कोरत जायचं. मान अरुंद असली की आत काही दिसत नाही, सगळं हाताला जाणवणाऱ्या थरथरीवर आणि आवाजावर चालतं, भिंत पातळ होत गेली की आवाज बदलतो आणि तिथे थांबता आलं पाहिजे. मध्येमध्ये लेथ बंद करून कॅलिपरने जाडी मोजायची, हे टाळूच नये. सैल बाह्या, गळ्यातली चेन, मोकळे केस लेथजवळ चालणार नाहीत.

रंगासाठी सावंतवाडीच्या किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या पद्धतीने लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते.

लाकडाचे तंतू उभे असल्यामुळे बुडातून पाणी झिरपतं, म्हणून ताज्या फुलांसाठी आत काचेची नळी बसवतात.