लूट बॉक्स आणि पे-टू-विन: एकाच खात्यावर टाकलेल्या दोन तक्रारी

सोलापुरात आठवी-नववीतल्या मुलांचे पालक एकत्र जमले, की मोबाइल गेममध्ये जाणाऱ्या पैशांचा विषय निघतोच, आणि मग तो सगळा खर्च ‘जुगार’ म्हणून एकाच खात्यावर टाकला जातो. मुले ‘आम्ही फक्त स्किन, म्हणजे पात्राचा किंवा बंदुकीचा नवा पेहराव, घेतो, त्याने काही जिंकता येत नाही’ असे सांगून मोकळी होतात. यात पालक एका खरेदीला नाहक जुगार ठरवतात आणि मुले खऱ्या जुगाराला खरेदी म्हणतात.

पे-टू-विनबद्दल, म्हणजे पैसे देऊन खेळात वरचढ होण्याबद्दल, फार सांगायला नको. 2012 मध्ये आलेल्या क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये जेम्स, म्हणजे गेममधली रत्ने, विकत घेऊन कित्येक दिवसांचे बांधकाम क्षणात उरकता येते. ज्याच्या खिशात पैसा, तो पुढे. मला हा प्रकार अन्यायाचा आणि त्याहून अधिक कंटाळवाणा वाटतो. पण किती जेम्स जाणार आणि बदल्यात काय मिळणार, हे दोन्ही आधीच पडद्यावर लिहिलेले असते.

लूट बॉक्समध्ये, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या बंद पेटीत, नेमकी हीच दुसरी बाजू, बदल्यात काय मिळणार ती, झाकलेली असते. गड्ड्याच्या यात्रेत किंवा गल्लीतल्या दुकानात ज्यांनी कधी सोरट खेळले आहे, त्यांना अधिक समजवावे लागणार नाही: पैसे ठरलेले, चिठ्ठीत काय निघेल ते नशिबावर. म्हणून प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी विचारायचे आहेत. पैसे देताना काय मिळणार हे ठाऊक आहे का, यावर लूट बॉक्स ठरतो. मिळालेली वस्तू सामन्यात वरचढ करते का, यावर पे-टू-विन ठरते. फिफा (आता ईए स्पोर्ट्स एफसी) या फुटबॉल गेमच्या अल्टिमेट टीम प्रकारातल्या पॅकमधून चांगला खेळाडू निघाला तर संघ बळकट होतो, त्यामुळे तिथे दोन्ही दोष एकत्र नांदतात, आणि बहुधा अशा खेळांमुळेच ही सरमिसळ रूढ झाली असावी.

‘फक्त स्किन’ हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे आहे. पहिल्याला ते शिवतही नाही. काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेममधली पेटी उघडताना चित्रांची पट्टी सरसर धावते, हळू होते, सोनेरी खूण अगदी काट्याजवळ येते आणि पट्टी शेजारच्या साध्या बंदुकीवर थांबते. ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते, पण निकाल आधीच ठरलेला असतो; पट्टीचे धावणे ही निव्वळ सजावट. चीनने 2017 मध्ये शक्यता जाहीर करणे सक्तीचे केल्यावर तिथल्या प्रकाशकाने दिलेल्या आकड्यांनुसार त्या दुर्मीळ सोनेरी वस्तूची शक्यता सुमारे 0.26 टक्के होती, म्हणजे साधारण 385 पेट्यांमागे एक. याचा अर्थ 385 पेट्या उघडल्यावर ती मिळणारच, असाही नाही. तेवढ्या उघडूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता सुमारे 37 टक्के उरते, कारण प्रत्येक पेटी आधीच्या पेटीचा हिशेब ठेवत नाही. शिवाय या स्किन स्टीम या गेमविक्रीच्या मंचावरच्या बाजारात विकल्या जातात, तेव्हा त्यांना शोभेच्या वस्तू म्हणून उडवून लावणे मला अजिबात पटत नाही.

बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने एप्रिल 2018 मध्ये हा फरक अचूक ओळखला. ओव्हरवॉच या गेमच्या पेट्यांत निव्वळ पोशाख आणि तत्सम सजावट असे, तरीही त्या तिथल्या जुगार कायद्यात बसल्या. फिफा 18 आणि काउंटर-स्ट्राइकही त्याच यादीत आले. उलट, पे-टू-विनवरून सर्वाधिक शिव्या खाल्लेला स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 त्यातून सुटला, कारण नोव्हेंबर 2017 मधल्या गदारोळानंतर त्यातली पैशांची खरेदी काढून टाकलेली होती.

मुलाला स्किन हवीच असेल, तर ती दुकानात दिसणाऱ्या किमतीला थेट घेऊन द्यावी, महाग वाटली तरी. क्रेटसाठी, म्हणजे बीजीएमआयसारख्या गेममधल्या अशाच पेटीसाठी, यूसी हे तिथले चलन भरून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आणि क्रेटचाच हट्ट असेल, तर आधी शक्यतांचे पान उघडून दाखवायला सांगावे. ॲपलने डिसेंबर 2017 पासून अशा पेट्यांची शक्यता खरेदीपूर्वी दाखवणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे आयफोनवर तरी ‘असे पान नाही’ हे कारण चालणार नाही.