कलम ६ चे विमापत्र

विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर उतरवलेले आणि पत्नीच्या, पत्नी व मुलांच्या किंवा त्यांपैकी कोणाच्याही लाभासाठी असल्याचे ज्यावर स्पष्ट नमूद आहे असे जीवनविमापत्र. विवाहित स्त्रियांचा संपत्ती अधिनियम, १८७४ याच्या कलम ६ नुसार असे विमापत्र हा न्यास, म्हणजे ट्रस्ट, मानला जातो. न्यासाचा कोणताही उद्देश शिल्लक असेपर्यंत त्यावर पतीचा ताबा राहत नाही, त्याच्या धनकोंचा हक्क पोचत नाही आणि ते त्याच्या मालमत्तेत धरले जात नाही. विमा प्रतिनिधींच्या बोलण्यात ही ‘एमडब्ल्यूपी पॉलिसी’; अधिनियमाच्या ‘मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी’ या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे.

कलमाचा उगम कधीकधी न्यूयॉर्क राज्याच्या १८४० च्या कायद्यापर्यंत नेला जातो. मात्र तो कायदा पत्नीने पतीच्या आयुष्यावर घेतलेल्या विम्याविषयी होता. भारतीय कलमाची शब्दरचना इंग्लंडच्या १८७० च्या याच नावाच्या अधिनियमातील दहाव्या कलमाशी जवळजवळ जुळते, त्यामुळे थेट पूर्वज तोच मानणे अधिक सयुक्तिक. ओरिएंटल ही विमा कंपनी मुंबईत १८७४ मध्येच सुरू झाली; पण या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्यास आधार नाही.

हे कलम हिंदूंना लागू होते काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. अधिनियमाच्या कलम २ ने विवाहसमयी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानणाऱ्या, किंवा ज्यांचे पती त्या वेळी यांपैकी एखादा धर्म मानत होते अशा ‘विवाहित स्त्री’ला वगळले होते, कलम ६ मात्र ‘कोणताही विवाहित पुरुष’ असे म्हणते. वगळलेली आहे ती स्त्री, विमा उतरवणारा पुरुष नव्हे, असा एक युक्तिवाद. स्त्रीच वगळली असेल तर तिच्या लाभाचा न्यास उभा राहणार कसा, हा प्रतिवाद. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बालांबा विरुद्ध कृष्णय्या या प्रकरणात, १९१३ च्या सुमारास, कलम हिंदूंनाही लागू असल्याचे ठरवले. अन्यत्र ही भूमिका सर्वमान्य झाली नाही. शब्दार्थाच्या दृष्टीने मद्रासचे मत अधिक सरळ वाटते. पण वाद मिटला तो १९२३ च्या दुरुस्तीने. हिंदू, मुसलमान, शीख व जैन यांच्या विमापत्रांना कलम लागू झाले, तेही दोन वेगवेगळ्या तारखांपासून: मद्रासमध्ये ३१ डिसेंबर १९१३ नंतरच्या आणि अधिनियम तेव्हा लागू असलेल्या इतर प्रदेशांत १ एप्रिल १९२३ नंतरच्या विमापत्रांना. मद्रासच्या निर्णयाची छाप अशी कायद्याच्या मजकुरातच राहून गेली आहे.

नामनिर्देशनाहून, म्हणजे विमापत्रावर नॉमिनी नेमण्याहून, ही व्यवस्था भिन्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या प्रकरणात १९८३ च्या अखेरीस नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा, मालकी वारसांची, असे स्पष्ट केले. विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती वा पत्नी आणि मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचा हक्क दिला; तरीही पती हयात असेपर्यंत नॉमिनी बदलणे त्याच्या हाती राहते. कलम ६ मध्ये ते त्याच्या हाती नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नेही ऋणकोच्या आयुष्यावरील विम्याची रक्कम जप्तीतून वगळली आहे. दोन्ही तरतुदींचे कार्यक्षेत्र इथे एकमेकांत मिसळते. मात्र रक्कम मृताच्या मालमत्तेतच न येणे हे वेगळे संरक्षण कलम ६ देते. धनकोंना फसवण्याच्या हेतूने घेतलेल्या विमापत्राला ते मिळत नाही.

व्यवहारात प्रस्ताव अर्जासोबतच एक जोडपत्र भरतात: प्रत्येक लाभार्थ्याचे नाव, नाते, हिस्सा आणि विश्वस्त. उदाहरणार्थ, कर्जावर दुकान चालवणारा माणूस पत्नीला साठ टक्के आणि मुलीला चाळीस टक्के लिहून देतो. पुढे धंदा बसला तरी ते हिस्से तसेच राहतात. आईवडिलांना लाभार्थी करता येत नाही. खास विश्वस्त नेमला नसल्यास रक्कम सरकारी विश्वस्ताकडे जाते. लाभार्थी नावानिशी नोंदवणे आणि नुसते ‘पत्नी व मुले’ लिहिणे यांत फरक पडतो. इंग्लंडमधील कझिन्स विरुद्ध सन लाइफ (१९३३) या निर्णयानुसार, नाव असलेल्या पत्नीचा हक्क तात्काळ निर्माण होतो आणि ती आधी वारली तरी तो तिच्या मालमत्तेत जातो.

निवृत्तीच्या तरतुदीशी कलमाचा मेळ बसत नाही. मुदतीअखेर रक्कम देणारे विमापत्र या पद्धतीने घेतल्यास साठाव्या वर्षी हाती येणारा पैसा हप्ते भरणाऱ्याचा नसतो, लाभार्थ्यांचा असतो. त्यावर कर्ज काढणे वा ते सरेंडर करणेही त्याच्या एकट्याच्या मर्जीने होत नाही. म्हणून केवळ मृत्यूनंतर रक्कम देणाऱ्या टर्म विम्यासाठी ही पद्धत अधिक सोयीची ठरते. म्हातारपणासाठीची शिल्लक भविष्य निर्वाह निधी वा निवृत्तिवेतन योजनेत वेगळी ठेवावी लागते.

अधिनियमाच्या कलम ५ नुसार विवाहित स्त्रीला पतीवर अवलंबून न राहता स्वतःचा विमा उतरवता येतो आणि विमापत्रावर तसे नमूद असल्यास तो तिची स्वतंत्र संपत्ती ठरतो. कलम ६ मधील न्यासाची सोय मात्र शब्दशः पुरुषापुरतीच आहे.