पाय (π) म्हणजे २२/७ नाही
"पाय = २२/७, म्हणून पाय परिमेय संख्या आहे" हे वर्षानुवर्षं फिरतंय. (पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास; परिमेय म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येणारी संख्या, तशी लिहिता न येणारी ती अपरिमेय.) शाळेत हिशोब सोपा व्हावा म्हणून २२/७ घेतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे, पण ती फक्त जवळची किंमत. स्वतः करून बघा, २२ ला ७ ने भागत जा, बाकी १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १, म्हणजे १४२८५७ हेच आकडे फिरून फिरून येणार. पाय अपरिमेय आहे हे अठराव्या शतकातच सिद्ध झालंय, त्यात असं चक्र लागतच नाही. मोठं कोण? ३.१४२८... आणि ३.१४१५..., तिसऱ्या दशांशालाच २२/७ पुढे. ३५५/११३ (फार सुंदर अपूर्णांक!) सहा दशांशांपर्यंत जुळतो, तरी तोही पायपेक्षा किंचित मोठाच.