छोटा टिलवा की टेमिंकचा? नुसत्या पायांवर जाऊ नका

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की थंडीत आधी नजर जाते ती बदकांच्या थव्यांवर. टिलवे म्हणजे चिमुकले पाणपक्षी, काठच्या चिखलात असतात, जेमतेम चिमणीएवढे. ढेकूळ हललं असं वाटतं तेव्हा कुठे दिसतात. इथे छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा, दोन्ही येतात आणि नवख्यांची भंबेरी उडवतात.

पुस्तकातलं उत्तर सोपं आहे: छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट. पण गोदावरी-कादवेचा गाळ पायांना थापला गेला की टेमिंकचाही काळ्या पायांचा होतो. एकदा मी असाच एक पक्षी ‘छोटा’ म्हणून वहीत टिपला. थोड्या वेळाने तो उथळ पाण्यात उतरला, पाय धुतले गेले आणि पिवळे निघाले! वहीतली ती खाडाखोड अजून आहे.

तेव्हापासून मी आधी चाल बघतो. छोटा टिलवा उघड्या चिखलावर घोळक्याने तुरुतुरु पळतो, चोच सारखी टकटक चालू. भूक कधी भागतच नाही जणू. टेमिंकचा गवताच्या कडेने, पाय मुडपून, दबकत चालतो, उंदीर भिंतीकडेने जावा तसा. बहुधा एकटा, फार तर दोघे-चौघे. छातीही वेगळी. टेमिंकची राखट-तपकिरी, जवळपास सलग पट्टा असलेली, त्यामुळे तो तुतवारी या काठच्याच दुसऱ्या पक्ष्याचं पिल्लू वाटतो. छोट्याची छाती मधे पांढरी, राखी छटा फक्त दोन्ही बाजूंना.

पक्की खूण मात्र उडताना मिळते, आणि तीही क्षणभरच. टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्याशुभ्र असतात, छोट्याच्या राखाडी. दचकला की टेमिंकचा ‘टिर्रर्र’ करत उंच चढतो. छोटा ‘टिट्-टिट्’ करत थव्यासोबत जातो. यासाठी पक्षी मुद्दाम उडवू नका, तो आपणहून उडेपर्यंत बसायचं.

उरणच्या खाडीकाठी एवढा घोळ होत नाही, कारण टेमिंकचा गोड्या पाण्याचा भोक्ता आहे, खाऱ्या चिखलात कमी दिसतो. आपल्या धरणांवर दोन्ही भेटतात. कालव्याला आवर्तन सुटलं की जलाशयाचं पाणी उतरतं आणि चिखल उघडा पडतो. त्या दिवसांत सकाळी ऊन पाठीशी घेऊन बसा. ऊन समोर असेल तर सगळेच टिलवे काळे.

एप्रिलपर्यंत थांबलात तर रंगच मदतीला येतो. उत्तरेच्या टुंड्राकडे निघण्याआधी छोट्याच्या डोक्यावर-पाठीवर तांबूस झळाळी चढते, टेमिंकच्या पाठीवर मात्र काही काळे ठिपके तेवढे उमटतात, तेही विस्कटलेले.