मगदानची कोठडी ते ओलेनिव्का

रशियाच्या ताब्यातून सुटून आलेल्या युक्रेनी युद्धकैद्यांचे हाडं वर आलेले चेहरे पाहिले की वाटतं, ही युद्धाची करामत. पण त्यांना जिथे डांबलं होतं ते तुरुंग आणि तिथली वागणूक युद्धाहून पुष्कळ जुनी आहे.

गुलागचं, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्या चालवणारं, खातं 1930 साली उभं राहिलं आणि 1960 साली बंद झालं. श्रमवसाहती आणि बराकी मात्र राहिल्या. युद्धकैद्यांबाबतही सोव्हिएत दृष्टी कठोर होती. 1941च्या 270 क्रमांकाच्या हुकमाने शरण जाणाऱ्या कमांडरला फितूर ठरवलं. जर्मन छावण्यांतून जगून परतलेल्यांची आधी ‘गाळणी’ छावण्यांत चौकशी झाली, आणि त्यांतले कित्येक थेट श्रमछावण्यांत गेले. 1949चा जिनिव्हा करार सोव्हिएत संघाने 1954 साली मंजूर केला. युद्धकैद्यांना तुरुंगात ठेवू नये, असं त्याचं 22वं कलम सांगतं. अपवाद एकच, कैद्याच्याच हिताचा.

सोव्हिएत संघ मोडला तेव्हा तुरुंग तुडुंब भरले होते आणि क्षयाने पोखरले होते. 1996 साली रशिया युरोप परिषद या मानवी हक्कांसाठीच्या संघटनेत गेला, 1998 साली त्याने मानवी हक्कांचा युरोपीय करार मंजूर केला. त्याच वर्षी तुरुंग गृहखात्याकडून न्यायखात्याकडे आले. मग 2002 साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात कलाश्निकोव्ह नावाच्या कैद्याच्या खटल्याचा निकाल लागला. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान शहरातली त्याची, कच्च्या कैद्यांची कोठडी जेमतेम वीस चौरस मीटरची. खाटा आठ आणि गर्दीच्या दिवसांत माणसं चोवीस, त्यामुळे झोप पाळीपाळीने. दिवा रात्रंदिवस चालू. संडास कोपऱ्यात, आडोसा कमरेएवढा, आणि जेवणाचं टेबल तिथून एका मीटरवर. सरकारी वकिलांचा बचाव ऐकण्यासारखा होता: देशातल्या बहुतेक कच्च्या कैद्यांचे हाल याहून वेगळे नाहीत! न्यायालयाने ही वागणूक मानहानिकारक ठरवली. अशाच तक्रारींचा ढीग पुढे इतका वाढला की 2012 साली न्यायालयाने हा दोष एकेका तुरुंगाचा नसून साऱ्या व्यवस्थेचा आहे, असं सांगितलं. सुधारणा अजिबातच झाल्या नाहीत असं नाही. कैद्यांची संख्या बरीच उतरली, 2008च्या कायद्याने नागरिकांच्या देखरेख समित्याही आल्या. पण रशियाच्याच चेचन्या प्रांतातल्या चेर्नोकोझोवोच्या ‘गाळणी’ छावणीतले छळ याच काळातले, 2000 सालचे.

2022च्या मार्चमध्ये रशियाला युरोप परिषदेतून काढलं, सप्टेंबरमध्ये मानवी हक्कांचा करारही सुटला. त्याच महिन्यात एका श्रमवसाहतीच्या आवारात उभा राहून ‘वॅग्नर’ या भाडोत्री सैन्याचा प्रमुख प्रिगोझिन कैद्यांना सांगत होता की सहा महिने लढा आणि माफी मिळवा. कैद्यांना आघाडीवर पाठवण्याचा हा प्रघात स्टालिनच्या काळापासूनचा. उलट दिशेने, पकडलेले युक्रेनी सैनिक रशियातल्या तागानरोगच्या कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात येत होते. दाखल होताच रांगेत उभं करून मारहाण. तिला तिथे ‘प्रियोमका’, म्हणजे स्वागत, म्हणतात.

रशियाच्या ताब्यातल्या दोनेत्स्क भागात, ओलेनिव्काच्या जुन्या तुरुंग-वसाहतीत 29 जुलै 2022 रोजी एका बराकीत स्फोट झाला. पन्नासहून अधिक युद्धकैदी मेले. संयुक्त राष्ट्रांनी चौकशी पथक नेमलं, पण सुरक्षिततेची हमी न मिळाल्याने ते तिथे पोहोचलंच नाही. जानेवारी 2023मध्ये ते बरखास्त झालं.