कॅप्सूल कशाची असते?

दांडियाबाजारात राहणारी माझी मावशी बडोद्यातल्या एका मानसोपचार वॉर्डात सिस्टर होती. रमजानच्या आदल्या दिवशी एक तरुण मुसलमान पेशंट झिप्रासिडोन या सायकोसिसवरच्या औषधाची कॅप्सूल उजेडाकडे धरून बघत बसला, काही केल्या तोंडात घालेना. केसपेपरवर कुणीतरी लिहून टाकलं, ‘औषधाबद्दल संशय’. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं त्या आजारात, जेवणात विष कालवलंय असंही वाटतं, त्यामुळे ते खपूनही गेलं असतं. मावशीनं शेजारी बसून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “सिस्टर, ये किस चीज़ की बनी है?”

प्रश्न रास्त होता. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. कोणत्या जनावराच्या, एवढंच त्याला हवं होतं.

पेशंट जिन्न दिसतो म्हणाला, तर त्याचंही तसंच. जिन्नांचा उल्लेख कुराणातच आहे, त्यामुळे नुसतं मानणं हा आजार नव्हे. सायकोसिसमध्ये मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा तोल जातो आणि क्षुल्लक गोष्टींनाही भलतं महत्त्व चिकटतं. त्याचा अर्थ मग माणूस आपल्याच जगातून लावतो: कुणाला जिन्न दिसतो, कुणाला मोबाइलचा टॉवर छळतो. पाच वेळा नमाज पढणारी आईच “हे आमच्यातलं नाही” म्हणते, पेशंटची झोप उडालेली असते, तेव्हा सिस्टरनं कान टवकारायचे. जिन्न खरा की खोटा, हा वाद घालणं तिचं काम नव्हे.

रोज्यात तर औषधाचं वेळापत्रकच बदलतं. झिप्रासिडोन साधारण पाचशे कॅलरींच्या जेवणासोबत घ्यावं लागतं. रिकाम्या पोटी ते निम्मंच अंगी लागतं. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, नुसता चहा-टोस्ट पुरत नाही. मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमचं प्रकरण अधिक नाजूक. पाणी कमी पडलं की रक्तातलं प्रमाण चढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. आजाऱ्याला रोज्याची सूट सुरा बकराच्या १८५ व्या आयतीतच आहे. पण हे डॉक्टरपेक्षा मौलवींनी सांगितलेलं लवकर पटतं. मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावानं मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची सांगड घातली गेली, ती याच जाणिवेतून.

त्या मुलाला डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, कवच नसलेल्या साध्या गोळीचं. केसपेपरवरची ओळ मावशीनं खोडली नाही. खाली ‘जिलेटिन कशाचं, ते विचारतो’ असं लिहून सही केली.