काठ साफ केला म्हणजे डास गेले?

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं की काठचं पाणकणीस, लव्हाळा समूळ उपटायचा, म्हणजे डास जातील, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो अर्धवट आहे. डासाची अळी पाण्यात वाढते, पानात नव्हे. तिला हवं साचलेलं, उथळ, मासे न पोचणारं पाणी. मुळासकट उपटताना चिखलात खड्डे पडतात, त्यात नेमकं तेच साचतं आणि उन्हात 8-10 दिवसांत डास उडतात.

शिवाय चतुराची अळी डासांच्या अळ्या खाते. तिला पंख फुटायच्या वेळी पाण्याबाहेर आलेल्या देठावर चढावं लागतं. देठाला चिकटलेली रिकामी तपकिरी कात दिसते, ती तिचीच.

सल्ल्यात खरं तेवढंच, की फार दाट बेटात मासे शिरत नाहीत आणि तिथे अळ्या माजतात. म्हणून विरळणी करा. एका वेळी एक तृतीयांशच, तीही मासे आत येतील अशा वाटा पाडून. पाणकणीस पाण्याखाली 5-7 सेंटीमीटरवर कापा. कंदाला हवा देठातून मिळते; बुंध्यात पाणी शिरलं की तो गुदमरतो. वर कापलंत तर पुन्हा फुटतं! कापलेलं दिवसभर काठावर ठेवा, अडकलेले जीव पाण्यात परततात. मग मात्र उचला.

तणनाशक तर नकोच. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात कुजणारी पानं उरलेला संपवतात. मग पहाटे मासे मरतात, डासांना रान मोकळं.